टायरचा दावा आणि चोवीस तास चालू असलेला फोन

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.१०
टायर गेला. मागचा, डावा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने सव्वासहाला तपासून खात्री दिली. कडेला चार बोटं फाटलाय, याला आता ठिगळ नाही, साहेब, कुंडी करा याची, असं म्हणाला.

ऑफिसातून येताना खणलेल्या रस्त्यावर लोखंडी पट्टी उभी होती. दिसली होती. चुकवेन असं वाटलं.

माझ्या चेहऱ्यावरचं हसू बघून पंक्चरवाला गोंधळला. त्याला काय ठाऊक! चार महिन्यांपूर्वी टायर घेतले तेव्हाच मी रोड हॅझार्ड वॉरंटी घेतली आहे. रस्त्यावरच्या खिळ्याने, खड्ड्याने, लोखंडाने टायर फाटला की कंपनी नवा देते. तेव्हा मेहुणा हसला होता. दाजी, हे लोक घेताना साहेब म्हणतात आणि देताना कोण तुम्ही म्हणून विचारतात, असं हिच्यासमोर बोलला होता. आता बघू कोण हसतं ते.

धाकटी लेक २३ तारखेला, रविवारी, पहिल्या नोकरीवर निघणार. सहा तासांचा रस्ता. मी स्वतः सोडणार. शाळेत तिला तीनदा बक्षीस मिळालं आणि तिन्ही समारंभांना मी ऑफिसच्या कामामुळे पोचलो नाही. ती कधी बोलत नाही. पण या वेळी मी शब्द दिला आहे. वीस दिवस हातात आहेत. दाव्याला तीन पुरे.

तोवर गाडी स्टेपनीवर. स्टेपनी गुळगुळीत आहे, पण आपल्याला कुठे शर्यतीत उतरायचंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार
टायरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाई सभ्य वाटल्या. वॉरंटी कार्ड मागितलं. दिलं. चार महिन्यांत एक सुरकुती नाही, कारण घेतल्या दिवशीच लॅमिनेट करून आणलं होतं. बाई म्हणाल्या, याच्या मागे दावा क्रमांक लिहून शिक्का मारायचा असतो. त्यांनी मारला. शाई प्लास्टिकवरून ओघळली. दुसऱ्यांदा मारला. मग त्यांनी मला हात पुसायला कागद दिला. शेवटी कार्डाची झेरॉक्स काढून तिच्यावर शिक्का मारला. कागद जपणाऱ्या माणसाची या व्यवस्थेत सोयच नाही.

टायर इथेच ठेवून जा, आमचा तपासनीस बघेल, असंही म्हणाल्या. मी स्पष्ट नकार दिला. पुरावा आपल्या ताब्यात हवा. उद्या टायर बदलला तर? मग तपासनीस घरी येईल, पण आधी कंपनीचा फोन येईल, तेवढा उचला, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी सांगितलं, माझा फोन चोवीस तास चालू असतो.

टायर बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी ठेवला आहे. हिने नाकाला पदर लावला. तीन दिवसांचा प्रश्न आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १.३०
जेवताना फसवा फोन. माणसाला माझं नाव ठाऊक, गाडीचा नंबरसुद्धा ठाऊक. म्हणतो, साहेब, पूर्ण पत्ता सांगा आणि घरी कधी असता ते सांगा. घरी कधी असता! चोरी करायची तर निदान आडून विचारावं.

मागच्या महिन्यात ऑफिसात फसव्या फोनांवर पोस्टर लावलं, त्याचा मजकूर माझाच. मुद्दा पहिला: ज्या अनोळखी माणसाला तुमची माहिती आहे, तो सर्वांत धोकादायक. फोन कापला, नंबर ब्लॉक केला. एकूण वेळ नऊ सेकंद.

कंपनीचा फोन मात्र नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
कंपनीचा फोन नाही. तीन दिवस झाले. आणखी दोन फसवे फोन आले, तेही ब्लॉक. एवढी माहिती बाहेर जाते कुठून?

कंपनीला मेल लिहिली. चार पानं. चौथ्या पानावर रस्त्याचा नकाशा, पट्टीची जागा फुलीने दाखवली आहे. टायरचे अकरा फोटो. सातव्यात मीही आहे, आकार कळावा म्हणून. दोन मिनिटांत उत्तर आलं: आपली मेल आम्हाला महत्त्वाची वाटते. इतक्या लवकर वाचली, म्हणजे वजन पडलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. आधी एक दाबा, मग चार दाबा, मग सतारीचे सूर. सव्वीस मिनिटं. शेवटी एक मुलगी बोलली. म्हणे, सर, आम्ही तीनदा प्रयत्न केला, तुमचा फोन लागत नाही. मी म्हटलं, बाई गं, मी आत्ता त्याच फोनवरून बोलतोय ना?  तर ती दुसरा नंबर मागू लागली. पहिला वापरता येत नाही त्यांना दुसरा कशाला?

धाकटी शेजारीच पुस्तकं खोक्यात भरत होती. बाबा, माझा द्या ना, असं खुणेने सांगत होती. घरच्यांचे नंबर मी असे वाटत नाही.

निश्चय: यापुढे रोज सकाळी दहाला फोन करायचा. चिकाटी.

११ फेब्रुवारी, मंगळवार
दहाला मीटिंग होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मेहुणा आला. टायर बघून, दाजी, नवीन स्टूल छान आहे, म्हणाला आणि चहाचा कप त्याच्यावर ठेवला. पुराव्यावर! कप उचलायला लावला. गोल डाग राहिलाच.

मग हिच्या सांगण्यावरून (मला कळतं ते) म्हणाला, दाजी, एक टायर विकत घेऊन टाका आणि मोकळे व्हा, नाहीतर माझी गाडी आहेच. मी शांतपणे समजावलं. हा एका टायरचा प्रश्न नाही. आज मी टायर विकत घेतला तर उद्या कंपनी कोणाचंच ऐकणार नाही. मेहुणा म्हणाला, कंपनी आजही कोणाचं ऐकतेय? ही हसली. धाकटी हसली नाही. तिने विचारलं, पण बाबा, तेवीसला आपण जाऊ ना? म्हटलं, शब्द दिलाय.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सहज म्हणून पंक्चरवाल्याला विचारलं, या स्टेपनीवर सहा तास जाता येईल का. त्याने टायरवरून तळहात फिरवला. म्हणाला, साहेब, तुमच्या डोक्यावर केस आहेत तेवढेही काटे उरले नाहीत याच्यावर. भाजीपर्यंत जा. परतताना ढकलायची तयारी ठेवा.

या लोकांना आपला धंदा दिसतो फक्त.

१७ फेब्रुवारी, सोमवार
अर्धी रजा टाकून दुकानात. आवाज चढवला नाही. बोलण्यात ठामपणा होता, एवढंच. शेजारचं गिऱ्हाईक उगाच बाहेर जाऊन उभं राहिलं.

बाईंनी संगणक माझ्याकडे वळवून दाखवला: संपर्काचे सहा प्रयत्न, ग्राहक उपलब्ध नाही. मी फोन काढून टेबलावर ठेवला. हा बघा ग्राहक, हा बघा फोन, पूर्ण चार्ज, चारही काड्या. बाईंनी कपाळाला हात लावला आणि तपासनीसाचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. तुम्हीच फोन करा साहेब, माझ्या माहेरचा माणूस समजा त्याला, पण करा.

चिठ्ठी फाइलला लावली. फोन मी करणार नाही. वॉरंटीचं नववं कलम स्वच्छ सांगतं, कंपनी ग्राहकाशी संपर्क साधेल. आपणच फोन केला तर कलमाचा भंग केल्यासारखं होईल. हे कलम वाचलेला मी बहुधा पहिलाच ग्राहक.

१९ फेब्रुवारी, बुधवार
विजय! कंपनीची मेल. दावा तत्त्वतः मान्य. फक्त तपासणी बाकी, शनिवार २२ पर्यंत. तपासनीस येण्याआधी फोन करेल. संपर्क न झाल्यास दावा बंद होईल. टायर दुकानात तयार आहे, तपासणीनंतर तासाभरात बसवून मिळेल.

मेल मोठ्याने वाचून दाखवली. धाकटी उठून गळ्यातच पडली. हिने विचारलं, तपासनीस शनिवारी संध्याकाळी उगवला तर? अशा माणसांमुळेच देश मागे राहतात. मेहुण्याला मेल पाठवली. त्याने अंगठा पाठवला. उभाच होता बहुतेक.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज तर कमाल. साडेपाचला अनोळखी नंबर, मुलीचा आवाज: बाबा, मी बोलतेय, जरा गाडी घेऊन... पुढचं ऐकलंच नाही. पोस्टरचा मुद्दा चौथा: ओळखीचा आवाज काढणं आता यंत्राला जमतं. आवाज हुबेहूब, दम लागलेला सुद्धा. बाप म्हणून एखादा विरघळला असता. मी दोन सेकंदांत ब्लॉक केलं.

धाकटी आठला आली. नोकरीचं सिम कार्ड आणायला गेली होती, येताना सामानासाठी मोठी खोकी घेतली. ती डोक्याएवढी खोकी घेऊन चालत आलेली. हाताला वळ. म्हटलं, फोन करायचास ना, आलो असतो. ती खोकी दारातच टाकून खोलीत गेली. घर सोडायचं म्हणून मुली हळव्या होतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
रजा. सकाळी आठपासून घरी. फोन समोर. अंघोळीला गेलो तेव्हा फोन हिच्या हातात दिला. वाजला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११.४०
खिडकीत बसून आहे. तिसऱ्या मजल्यावरून फाटक नीट दिसतं. खाली मघापासून एक माणूस उभा आहे. पाठीवर पिशवी, हातात टायर मोजायच्या पट्टीसारखं काहीतरी. फोन कानाला, नजर वर, एकेका इमारतीवर. कोणाला तरी पुन्हा पुन्हा लावतोय आणि समोरचा काही उचलत नाही. उन्हात वीस मिनिटं! लोकांना दुसऱ्याच्या वेळेची किंमतच नाही.

१२.०५
गेला बिचारा. जाताना हात झटकले.

संध्याकाळी ६.३०
मेल. ग्राहकाने पत्ता कळवला नाही, अकरा वेळा फोन लागला नाही, दावा बंद.

अकरा! कागदावर काय, शंभर लिहितील. ग्राहक मंचाकडे तक्रार लिहायला घेतली. दीड पान झालं. आतल्या खोलीत ही मेहुण्याशी फोनवर बोलत होती. सकाळी सातला ये रे, एवढं ऐकू आलं. टायरची दुकानं आठला बंद होतात, आत्ता जाऊन विकत आणता येईल, असं क्षणभर मनात आलं. पण तक्रार ऐन रंगात होती. ती पुरी झाली तेव्हा साडेआठ वाजले होते.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८
गेली.

मेहुणा सातला आला. चेष्टा करेल म्हणून तीन उत्तरं तयार ठेवली होती.  त्याने सरळ गादी टपावर बांधली, दोऱ्या स्वतः ओढून बघितल्या. मागे खोकी, कुकर, पंखा. पुढे तो, मागे ही आणि धाकटी, मधे टेबललॅम्प. माझ्यापुरती जागा नव्हती. खोकी खाली-वर केली असती तर झाली असती कदाचित. कोणी म्हणालं नाही, मीही नाही.

निघताना धाकटी म्हणाली, बाबा, फोन द्या, माझा नवा नंबर टाकून देते. नंबर टाकता टाकता थांबली. कुठलीशी यादी उघडली. वर बघितलं, खाली बघितलं. मग माझ्यासमोर फोन धरून बोटाने एकेक दाखवत गेली. हा कंपनीचा, मेलमध्येच आहे. हाही.  हा त्या तपासनीसाचा असेल, काल येणार होता त्याचा. तुम्ही सगळ्यांना ब्लॉक केलंय, बाबा.

मी म्हटलं, पोस्टरमध्ये...

हो, म्हणाली. आणि हा शेवटचा माझा आहे. गुरुवारचा. बाबा, मी बोलतेय, एवढं म्हटलं होतं मी.

खाली मेहुण्याने हॉर्न दिला. तिने सगळे नंबर मोकळे केले, फोन माझ्या हातात ठेवला, वाकून पाया पडली. मला वाटलं रागावेल. तिने माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, उद्या संध्याकाळी सातला करते. उचला.

फाइल काढून चिठ्ठीवरचा नंबर आलेल्या जुन्या फोनांशी ताडून पाहिला. पाच तारखेचा, नऊ सेकंदांचा.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.१५
धाकटी नोकरीवर वेळेत हजर झाली. हिने दुपारी फोनवर खात्री दिली. खोलीला खिडकी आहे. ही गुरुवारी परतेल, येताना मेहुणा टायर घेऊन येणार आहे. कुठला, कितीचा, विचारलं नाही. जुना मात्र त्याने नेऊ नये असं वाटतं. चहाचा डाग पुसायचा प्रयत्न केला, जात नाही.

ऑफिसातलं पोस्टर काढून आणलं. जागेवर चार टाचण्या राहिल्या.

५.४० ला अनोळखी नंबर. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला. एक मुलगी विचारत होती, टायरसाठी वाढीव वॉरंटी घ्यायची आहे का. नाव, गाडीचा नंबर, मजला, फाटकाचा रंग, सगळं सांगितलं. घरी कधी असता, विचारलं तिने. म्हटलं, असतोच. बरं सर, म्हणून तिनेच फोन ठेवला.

सोफ्यावर बसलोय. फोन समोर टायरवर, चार्जरला लावून. सातला धाकटीचा फोन येईल.