हात न लावता

प्रिय चिमे,

खोक्यावर कीबोर्डचं चित्र बघून तुला वाटलं असेल, ताईचं डोकं फिरलं, चष्म्याच्या दुकानात कीबोर्ड कशाला पाठवला. तो खराच आहे, मालकांना देऊन टाक. पत्र मुद्दाम पुठ्ठ्याच्या खालच्या थरात सरकवलंय. तुझा फोन आता तुझ्या एकटीचा राहिलेला नाही, आणि घरी आलेलं पाकीट तुझ्याआधी कोण फोडतं, तेही मला ठाऊक आहे. तेव्हा हे दुकानातच वाच. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र आहे ना, तिथल्या स्टुलावर बस आणि मालकांना सांग, ताईचं पत्र आलंय आणि तिला आटोपतं घेता येत नाही.

परवा दुकानातल्या फोनवरून तू गॉगलची गंमत सांगितलीस. दुकानातला सगळ्यात मोठ्या काचांचा गॉगल घालून तू काउंटरवर बसतेस आणि मालक म्हणतात, बरंय, फुकटात जाहिरात होते. मी खूप हसले. फोन ठेवला आणि तशीच भिंतीकडे बघत उभी राहिले. त्याबद्दल शेवटी लिहिते, कारण आधी तुला माझं सांगायचंय. तुझ्या भावजींचं आणि माझं ‘जमलं नाही’, एवढंच तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आईसुद्धा तेवढंच जाणते. आज पुरतं सांगते. मध्ये कॉम्प्युटरचं पुराण येईल, जांभया देऊ नकोस. त्याच्याशिवाय हे सांगताच येत नाही.

माझं तेव्हाचं काम तुला आठवत असेल. नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात यायच्या आधी तिचं प्रीव्ह्यू निघतं, कच्चं, अर्धं भाजलेलं. ते आमच्यासारख्यांच्या डोक्यावर मारतात, की वापरा आणि कुठे बिघडतं ते सांगा. माझं मशीन घरीच होतं, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला. रोज सकाळी नवा अपडेट यायचा आणि काल डावीकडे असलेलं बटण आज मधोमध जाऊन बसायचं. फाईल बंद केली की खिडकी बंद व्हायची, खिडकी बंद केली की सगळंच बंद. आणि एक बाई होती त्यात. मशीन पुन्हा सुरू झालं की ती बोलायची, ‘नमस्कार! सुरुवात करू या का?’ आवाज कितीही कमी करून ठेवा, ही आपली गळा फाडून ओरडणार. शेजारच्या काकू एकदा विचारायला आल्या होत्या, की रोज कोण पाहुणी येते गं तुझ्याकडे. त्या बाईविरुद्ध मी तीनदा तक्रार लिहिली होती. पुढे तिच्याबद्दल काय लिहिणार आहे ते बघ.

आमच्या टीमच्या मोठ्या बाई, त्यांना आम्ही पाठीमागे हेडमास्तर म्हणायचो. बिघाड सापडला म्हणून नाचत गेलं की त्या कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा घडवून दाखव. काय केलंस, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे तीन सांग. एका वेळी एकच गोष्ट बदल, बाकी सगळं तसंच ठेव, म्हणजे नेमकी कुठली पायरी घात करते ते कळतं. ही सवय माझ्या हाडात मुरली, चिमे. आणि मी मूर्ख, ती घरी घेऊन गेले.

पहिल्यांदा त्याने मारलं ते ओल्या टॉवेलवरून. इथून पुढे त्याला भावजी म्हणवत नाही. मी टॉवेल पलंगावर टाकला होता. त्याने माझे केस मुठीत धरले आणि तोंड कपाटाच्या दारावर आपटलं, दोनदा. दाराची मूठ ओठात घुसली. नंतर बर्फ त्यानेच आणला. मी बर्फ ओठाला लावून बसले आणि मनात पहिलं काय आलं सांगू? टॉवेल. पायरी सापडली. दुसऱ्या दिवसापासून टॉवेल दोरीवर, कडेला कड जुळवून. मग एकदा टॉवेल दोरीवर असताना त्याने बरगडीत लाथ घातली, कारण मी फोनवर हसत होते. म्हणजे हसणं. हसणं बंद केलं, तर तोंड पाडून बसतेस म्हणून मनगट पिरगळलं, इतकं की आतून काडी मोडल्यासारखं वाजलं. मी मात्र चिकाटीने एकेक गोष्ट बदलत राहिले. दिवाणखान्याचा दिवा लावून पाहिला, विझवून पाहिला. चहा तो यायच्या आधी करून ठेवला, मग तो आल्यावर केला. ऑफिसचं बोलले, मग महिनाभर ऑफिसचं नाव काढलं नाही. कपडेसुद्धा त्या हिशेबाने घालायचे. मार पडला की जमिनीवर पडल्या पडल्या विचार करायचे, आज वेगळं काय केलं होतं आपण? एवढ्या हुशारीने कुणी स्वतःला फसवलं नसेल.

अशात एका आठवड्याचं प्रीव्ह्यू असं आलं, की मशीन मध्येच मरायचं. मी पायऱ्या शोधायला बसले. टाईप करताना मेलं, चित्र उघडताना मेलं, नुसता माऊस हलवताना मेलं. हेडमास्तरांना रोज नवं कारण कळवायचे आणि दुसऱ्या दिवशी तोंडावर पडायचे. शेवटी वैतागून मशीन चालू केलं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि नुसती बघत बसले. थोड्या वेळाने ते आपोआप मेलं, आपोआप जिवंत झालं आणि बाई ओरडली, सुरुवात करू या का! मी हेडमास्तरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, “तू हातसुद्धा लावला नव्हतास ना? मग तुझ्या पायऱ्या कशाला मोजत बसलीयस, बाई? बिघाड त्याच्या आत आहे. बाजूला हो.” त्या मशीनबद्दल बोलत होत्या. मी मात्र फोन कानाशी धरून दोरीवरच्या टॉवेलकडे बघत होते.

त्या संध्याकाळी मी शेवटची चाचणी केली. टॉवेल जागेवर, दिवा त्याला हवा तो, चहा झाकलेला, कपडे त्याने पसंत केलेले. मी खुर्चीत बसले, हात मांडीवर, तोंड मिटलेलं. तो आला. किल्ल्या ठेवल्या, घरभर नजर फिरवली. नावं ठेवायला काही सापडेना, तेव्हा माझ्यासमोर येऊन म्हणाला, “अशी काय बसलीयस?” आणि टेबलावरचा कीबोर्ड उचलून माझ्या तोंडावर हाणला. बटणं दाण्यांसारखी उधळली. दुसरा फटका कानावर, तिसरा पाठीवर, तेव्हा कीबोर्ड मधून दुभंगला. आणि चिमे, मला हसू आलं. रक्ताने तोंड भरलेलं आणि मी हसतेय. मी काही केलेलं नव्हतं! कधीच काही केलेलं नव्हतं! ते हसू बघून तो पिसाळला. माऊस ओढून काढला, त्याची वायर माझ्या गळ्याभोवती टाकली आणि मागून गुडघा रोवून आवळली.

श्वास बंद होताना काय होतं ते तुला लिहीत नाही. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं होतं, आई आठवत होती, तू लहानपणी वेणी घालायला माझ्यापुढे पाठ करून बसायचीस ते आठवत होतं. आणि मशीन मेलं. मेलं आणि उठलं आणि ती बाई सगळा जोर लावून ओरडली, ‘नमस्कार! सुरुवात करू या का?’ घरात कुणी आलंय असं त्याला वाटलं. तो दचकून वळला, वायर सैल पडली. मी टेबलाची कड धरून उठले, मॉनिटर त्याच्या लोखंडी बैठकीसकट उचलला आणि टेबलावर टेकलेल्या त्याच्या हातावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अजूनही आठवलं की बरं वाटतं. पण तू असलं काही करू नकोस. मी त्या बाईच्या कृपेने वाचले, आणि अशी बाई प्रत्येकीच्या घरात ओरडत नाही.

एका पायात चप्पल घालून मी हेडमास्तरांच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, “आधी दवाखाना की आधी पोलीस, तेवढं सांग.” काय झालं, का झालं, तू काय बोलली होतीस, यातलं एक अक्षर नाही. दवाखान्यात माझी वेणी सोडली, तेव्हा केसांतून कीबोर्डचं एक बटण खाली पडलं. नर्सने ते उचलून माझ्या हातात दिलं, जणू माझा दागिनाच होता. गळ्यावरची रेघ आता फिकी झालीय. तिच्यापायीच गेल्या दोन वर्षांत तुम्ही मला बंद गळ्याच्या कपड्यांशिवाय पाहिलं नाहीत. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर तुला सारखं ‘काय? काय?’ करते. तुला वाटतं, ताई म्हातारी झाली.

आता परवाचं. सावलीत बसून एवढा मोठा गॉगल कशाला लागतो, ते मला विचार. ती गंमत सांगून झाल्यावर तू जाता जाता नवऱ्याबद्दल म्हणालीस, “काळजी करू नकोस गं ताई, मला आता कळलंय त्याचं. बेल दोनदा वाजायच्या आत दार उघडलं आणि पोळीचा डबा त्याच्या हाताशी ठेवला, की काही होत नाही.” किती खुशीत म्हणालीस! पायरी सापडल्यासारखी. चिमे, मी त्याच खुशीत टॉवेलची कड जुळवत होते. बेल दोनदा वाजू दे नाहीतर दहादा, डबा कुठेही असू दे, तुझ्या हातात काही नाही. तुला त्याचा स्वभाव कळलेला नाही, तुला फक्त पुढचा फटका कुठून येणार ते अजून कळायचंय. म्हणून हे पत्र. येत्या मंगळवारी दुकान उघडायच्या वेळी मी समोरच्या फुटपाथवर उभी असेन. हेडमास्तर गाडी घेऊन येणार आहेत, माझ्या शेजारची खोली तुझ्यासाठी आवरून ठेवलीय. सकाळी नेहमीसारखा डबा भर, नेहमीसारखी घरातून नीघ, बॅग भरू नकोस, कुणाला काही सांगू नकोस. आणि मला बघितलंस की तो गॉगल काढून मालकांच्या काउंटरवर ठेव आणि तशीच बाहेर ये. मी तुला काही विचारणार नाही.

तुझीच,
ताई