मोरूच्या झोपेचा बंदोबस्त

सोमवार, ५ मे १९५८. चौल.
कमळचा बालवाडीच्या बाईंचा कोर्स आजपासून अलिबागला सुरू. महिनाभर सकाळच्या एस.टी.ने जायचं, संध्याकाळी परत. पास झाली तर गावातली नवी बालवाडी तिला मिळणार. फक्त आमच्या मोरूचं काय, एवढ्यावर अडलं होतं. तो नऊ महिन्यांचा. मी म्हटलं, शाळेला सुट्टी आहे, अख्खा वर्ग सांभाळणाऱ्या मास्तराला एक पोर जड नाही. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आदराने असावं.
पद्धत ठरली. मोरू झोळीत झोपला की कमळने चपला हातात घेऊन मागल्या दाराने निघायचं. रडण्याचा प्रश्नच नाही.

मंगळवार, ६ मे
काल दिवसभर रडला. पहिला दिवस, चालायचंच.

बुधवार, ७ मे
सकाळी मोरू झोपेचना. पदराचं टोक मुठीत, डोळे टक्क उघडे. कमळची एस.टी. चुकली. नारळांच्या ट्रकमध्ये बसून गेली.
कारण उघड आहे: उकाडा. झोळी वाडीत सुपारीच्या सावलीला बांधली.

शुक्रवार, ९ मे
उकाडा नव्हे. आता दुपारीही झोपत नाही. डोळा लागतोसा वाटला की दचकतो, इकडेतिकडे बघतो आणि भोकाड पसरतो. खरं कारण शेजारच्या आवडाबाईंचा कोंबडा. त्यांना तसं सांगितलं. म्हणाल्या, "गुर्जी, त्यो रोजच आरवतो. पोरगा आत्ता जागा हाय."
अडाणी माणसांशी वाद घालू नये.

रविवार, ११ मे
आवडाबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी असलं काही मानत नाही. मीठ घरात होतं म्हणून काढू दिली. गुण आला नाही. मी मानत नसल्यामुळे असेल.

सोमवार, १२ मे
नवा प्रयोग. कमळचं नेसून सोडलेलं लुगडं झोळीवर टाकलं. मोरू फसला नाही. मग तेच डोक्यावरून घेऊन ओसरीवर मी स्वतःच बसलो. तो जरा गप्प झाला. तेवढ्यात पोस्टमन आला आणि म्हणाला, "वयनी, गुर्जी हायेत का?" मी नुसती मान हलवून नाही म्हटलं.
प्रयोग निम्मा यशस्वी.

बुधवार, १४ मे
कमळने विचारलं, दिवसा झोपतो ना? मी म्हटलं, उत्तम. आवडाबाईंनी कुंपणापलीकडून खरं काय ते सांगितलं. कमळने कोर्सच्या वह्या पेटीत ठेवल्या आणि म्हणाली, उद्यापासून जात नाही, बालवाडी दुसऱ्या कुणाला मिळेल. मला वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं.
जेवताना मात्र म्हणाली, "झोपलं की आई नाहीशी होते, मग तो झोपेल कशाला? मीसुद्धा नसते झोपले." उद्या एकदाच पुढल्या दाराने जाऊन बघणार आहे. मी स्पष्ट विरोध नोंदवला.

गुरुवार, १५ मे
मोरूला कडेवर घेऊन ती फाटकापर्यंत गेली. "येते हां, संध्याकाळी येते," असं त्याच्या तोंडाकडे बघून सांगितलं, त्याला माझ्याकडे दिलं आणि चालायला लागली. आकांत. मी म्हटलंच होतं.
एस.टी. वळणाआड गेली तरी हुंदके चालूच. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला, तो थेट जेवणवेळेपर्यंत. संध्याकाळी कमळ खरोखरच आली, याचं त्याला फार नवल वाटलं.
माझ्या आठवडाभराच्या मेहनतीचं फळ.

सोमवार, ९ जून
कमळ पास. बालवाडी तिलाच.
आज माझी शाळा उघडली. महिनाभर माझ्या खांद्यावर झोपलेलं पोर माझ्यावाचून कसं राहणार, ही काळजी. कमळला सुचवलं, तो झोपल्यावर हळूच जातो. तिने मला पुढल्या दाराकडे वळवलं. "येतो हां," म्हटलं. मोरूने हात हलवला आणि करवंटी वाजवत बसला. छत्रीसाठी परत आलो. मग रुमालासाठी. मग काही विसरलं नव्हतं तरी आलो. त्याने मान वर केली नाही.
यंदा मला पहिलीचा वर्ग दिला आहे. नवी पोरं आईसाठी रडत होती. त्यांना गप्प करायला उभा राहिलो आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी. वर्ग एकदम चिडीचूप. पुढे बसलेली जनी उठली, माझ्या धोतराचा सोगा धरून म्हणाली, "रडू नका गुर्जी. सांच्याला सोडतात घरी."