मांजराच्या पंज्यावरची गाठ

आई, तुझी जर्मनची ताटली मी आज घासून मांडणीत ठेवली. तू गेल्यावर ती टाकवेना आणि तिच्यात जेवायला कुणी तयार होईना, म्हणून मागच्या दारी मांजरासाठी ठेवली होती. पहिलं मांजर गेलं, दुसरं आलं, ताटली तीच. भिगवणला हायवेवर आमची खाणावळ आहे, माशांच्या डोक्यांना तोटा नाही, त्यामुळे मांजराचं बरं चाललं होतं. दिवाळीनंतर त्याच्या पुढच्या पंज्यावर गाठ उठली, फुटली, शेजारी दुसरी उठली. तुझे जावई म्हणालेच, "तुझ्या आईच्या ताटलीतनं आलं आसंल. फेकून दे ती." मी ताटली धुऊन परत तिथंच ठेवली.

तू बाजारात मासे साफ करायला बसायचीस. चिलापीचा काटा बोटात गेला की बोट क्षणभर तोंडात घालायचीस आणि पुढचा मासा विळीवर धरायचीस. तुझ्या हाताला अशाच गाठी आल्या, बोटापासून मनगटाकडे रांगेनं चढत गेल्या. कुणीतरी महारोग म्हटलं आणि गिऱ्हाईक शेजारणीकडे वळलं. घरात तुला कुणी वेगळं बसवलं नाही, हेही खरं. तूच बसलीस. ताटली वेगळी, पेला वेगळा, भाकरी थापणं बंद. माझी लेक झाली तेव्हा तू उंबऱ्याबाहेर बसली आहेस, झबलं फडक्यात धरून पुढं करतेस. मी लेकीला तुझ्या मांडीवर द्यायला वाकते तर म्हणतेस, "नगं. हितनं दिसतीया मला." एकदा तरी घे, म्हटलं तर रागावलीस. "लेकरू हाय ते. खुळी हायस का?" तू तिला कधीच घेतलं नाहीस.

त्याच लेकीनं आता मांजर बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, मीही गेले. त्यांनी गाठीचा तुकडा काढून काचेवर पाहिला. जंतू क्षय आणि महारोगाच्या घराण्यातला दिसतोय, म्हणाले, पण ही भावंडं नुसती बघून ओळखू येत नाहीत, जनुकं तपासावी लागतात. तुकडा मोठ्या प्रयोगशाळेत गेला. बऱ्याच दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. "माशांना होणारा पाण्यातला जंतू आहे. काटा टोचला की जखमेतून शिरतो. मासे कापणाऱ्यांच्या हातालाही अशाच गाठी येतात. गोळ्या बरेच महिने द्याव्या लागतील."

मी विचारलं, एकाचं दुसऱ्याला होतं का?

"जखमेला हात लावताना तेवढे हातमोजे घाला. बाकी खुशाल मांडीवर घेऊन बसा."

तुझ्या बोटावरच्या गाठीचा तुकडा कुणी तपासला नव्हता. त्यामुळे तुलाही हेच होतं, असं आता कुणी छातीठोक सांगणार नाही. मी डॉक्टरांना तुझ्याबद्दल विचारलंही नाही. फोन ठेवल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भात लावला, मासे तळले, गिऱ्हाईक जेवून गेलं. तुझ्या जावयांना सांगितलं तर ते "व्हय का" म्हणाले आणि गल्ल्यावर जाऊन बसले. लेक मांजराला मांडीवर घेऊन गोळी चारते, ते मी रोज बघते.

हे लिहिलेलं पाठवायचं कुठं, म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे. तुझी ताटली आमच्या ताटल्यांत सगळ्यात वर आहे. दुपारी जेवायला बसताना मी ती हातात घेतली. मग बाजूला ठेवली आणि तिच्याखालची घेतली.