जेवण पॅकेजमध्ये आहे

२३ डिसेंबर, मंगळवार

आप्पा येतो म्हणाले! मायपण येणार. मौजनगरी पार्कात दोन रात्री, चार माणसं, मिथुनच्या कंपनीने खूश होऊन दिलेलं पॅकेज. मला वाटलं, जिंकलं. आणि फोन ठेवता ठेवता म्हणतात कसे — जेवणाचं आमचं आम्ही बघू.

बघू! एसी खोलीत झोपणार, पाळण्यात बसणार, आणि जेवणाचं तेवढं हे बघणार.

कारण तेच. मुलीला लेकरू झाल्याशिवाय मुलीच्या घरचा घास तोंडात घालायचा नाही. आठ वर्षं झाली माझ्या लग्नाला. या आठ वर्षांत हसनाबादहून जालन्याला कितीदा आले, माझ्या घरात बसले, गप्पा मारल्या, आणि ताटं घ्यायची वेळ झाली की आप्पांना स्टँडवर कुणीतरी भेटायचंच असतं. चहासुद्धा नाही. पिण्याचं पाणी माय बाटलीत भरून आणते. गल्लीतल्या बायका मूर्ख नाहीत, त्यांना सगळं कळतं. आईबाप जेवत नाहीत म्हणजे पोरीची कूस रिकामी — दारावर पाटी लावल्यासारखं!

आप्पा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यापासून विहारात अंधश्रद्धेवर भाषणं देतात, टाळ्या घेतात. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम चार पावलं पुढे जातात. आणि हे मात्र सुटत नाही. एकदा विचारलं तर म्हणे ही अंधश्रद्धा नाही, रीत आहे. वा!

पण हॉटेल म्हणजे काही माझं घर नाही. चूल माझी नाही, भांडी माझी नाहीत. तिथे काय कारण काढतात तेच बघते.

२५ डिसेंबर, गुरुवार

मिथुन कालपासून मोबाईलवर मौजनगरीची हॉटेलं बघतोय. तीन आहेत आत. 'दरबार' — तिथे राजाच्या मुकुटाखाली बसून बुफे. 'जहाज' — नूडल्स, पिझ्झा, असलं. आणि 'हुरडा गाव'. पहिली दोन पॅकेजमध्ये, हुरडा गाव पॅकेजच्या बाहेर. मिथुनने वेळापत्रक केलं. शुक्रवारी दुपारी दरबार, रात्री जहाज, शनिवारी परत दरबार. त्याला वाटतं पदार्थ भरपूर असले की माणसं आपोआप जेवतात. माझ्या बापाला ओळखतच नाही तो.

सासूबाई म्हणाल्या, त्यांना त्यांच्या मनाने खाऊ दे, कशाला मागे लागतेस? यांना बरं आहे. यांच्या घरात यांचे भाऊ, भाचे, सगळे जेवून जातात.

एक गोष्ट इथेच लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. मला मूल होणार नाही. सप्टेंबरात डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. मी आणि मिथुनने घरी येऊन ठरवलं, बास झाल्या सुया, बास झाला दवाखाना. सांगितलं कुणालाच नाही. सांगितलं की जो तो नवा डॉक्टर नाहीतर नवा काढा घेऊन दारात उभा. नको!

मग आप्पा जेवणार कधी? कधीच नाही. मी साठ वर्षांची होईन आणि माझा बाप माझ्या उंबऱ्यातून उपाशी जाईल. म्हणून या तीन दिवसांत काहीही करून त्यांना जेवायला बसवायचंच.

२६ डिसेंबर, शुक्रवार

गेटवरच तमाशा.

बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, मोठ्या अक्षरात लिहिलंय. मायच्या पिशवीतून निघालं काय? दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, वाटाण्याची सुकी भाजी, लोणच्याची बरणी! तीन दिवसांची शिदोरी. वॉचमनने एकेक पुडकं टेबलावर मांडलं. मागे गाड्यांची रांग, लोक खिडक्यांतून माना काढून बघतायत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वॉचमन म्हणाला, केबिनमध्ये ठेवतो, जाताना घेऊन जा. आप्पांनी त्याला विचारलं, इथंच बसून खाल्लं तर चालतंय का? तो बिचारा हो म्हणाला.

झालं. दुपारी आम्ही दरबारात. छताला झुंबर लोंबतंय, वाढपी फेटे बांधून उभे, एका माणसाने दारात आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. आणि माझे आप्पा कुठे? गेटवर. वॉचमनच्या स्टुलावर बसून दशमी खातायत! ज्याच्या जीवावर आत आलो तो जावई पनीर वाढून घेतोय, आणि सासरा बाहेर उन्हात.

माय आमच्याबरोबर आत आली, पण प्लेट कोरडी. समोर ठेवून बसून राहिली. फेटेवाला दोनदा येऊन विचारून गेला, मावशी, काही घेत नाही का, पोट बिघडलंय का? माय हसली आणि म्हणाली, उपास हाय. उपास! आयुष्यात एक उपास केला नाही या बाईने.

मी तिला म्हटलं, हे हॉटेल आहे, माझं घर नाही, खा. तिची नजर गुलाबजामवर होती, मी बघितली. "मला काय न्हाई गं," म्हणाली, "पर तुज्या बापाला कळलं तर." मग हळूच म्हणाली की आप्पांचा हिशोब चुलीचा नाही, कुणाच्या नावावर आलं त्याचा आहे. कंपनीने मिथुनरावांना दिलं, म्हणजे ते मिथुनरावांचं, म्हणजे लेकीचं.

कायदा शिकवतात! घरात बसून रोज नवी कलमं काढतात दोघं.

संध्याकाळी जहाजात मिथुन आणि मी दोघंच. माय आप्पांसोबत गेटवर गेली. पिझ्झा चामड्यासारखा होता. मिथुन म्हणाला, सोड ना अक्षता, तीन दिवस मजा करू. मी म्हटलं, तू कर.

२७ डिसेंबर, शनिवार, सकाळी

नाश्त्याला आप्पा नाहीत. मनगटावरचा पार्कचा पट्टा दाखवून गेटबाहेर गेलेत, फाट्यावर भजे खायला. माय खोलीत पेरू खातेय, पदराखाली लपवून. माझ्यापासून लपवते!

२७ डिसेंबर, संध्याकाळी

आज सगळं संपलं एकदाचं. नीट लिहून काढते.

दुपारी मिथुनला एक युक्ती सुचली. आप्पांना दरबारच्या काउंटरवर घेऊन गेला आणि म्हणाला, यांना यांच्या खिशातून जेवणाचं तिकीट द्या. आप्पा लगेच पाकीट काढून उभे. काउंटरवरची मुलगी पट्टा मशीनला लावते आणि म्हणते, सर, तुमचं जेवण पॅकेजमध्ये आहे, वेगळं तिकीट काढता येत नाही. आप्पा म्हणतात, मला पॅकेजमधलं नको. ती म्हणते, सर, ते फुकट आहे. आप्पा म्हणतात, म्हणूनच नको. शेवटी तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर टाय घालून आला आणि तोही तेच — सर, आपलं पेमेंट ऑलरेडी झालेलं आहे! मी लांब उभी राहून बघत होते. माझ्या घरचं अन्न टाळायला माझा बाप दोन-दोन माणसांशी भांडतोय. असला अपमान कुणी चारचौघांत करतं का?

मग मिथुन म्हणाला, हुरडा गावात जाऊ, ते पॅकेजमध्ये नाही. आप्पांचा चेहरा असा खुलला! "चला, आज माझ्याकडून समद्याला," म्हणाले.

हुरडा गाव म्हणजे सिमेंटची बैलजोडी, सिमेंटचा आड, प्लास्टिकच्या कडब्याचं छप्पर. ज्यांच्या शेतात ज्वारी उभी आहे ती माणसं पैसे देऊन इथे हुरडा खाणार. आप्पांनी खाटेवर मांडी घातली, सगळ्यांसाठी मागवलं. हुरडा, चटणी, गूळ, पिठलं, भाकरी. मिथुनला आग्रह, मायला आग्रह. माय तर अशी तुटून पडली की बघवेना. दोन दिवसांची भूक होती तिची. आणि आप्पा मजेत गोष्टी सांगतायत, सिल्लोड गाडीवर असताना कोण प्रवासी हुरड्याचं गाठोडं विसरून उतरला ते. इतके खुशीत मी त्यांना माझ्या लग्नानंतर पाहिलेलं नाही. का? तर ते देतायत, मी घेतेय. त्यांना चालतं ते हेच.

मी हात लावला नाही.

"अक्षे, खाय की. निवून राह्यलं."

"तुमचं मला चालत नाही."

"बापाचं न्हाई चालत?"

"माझं तुम्हाला चालत नाही ना आठ वर्षं? मंग तुमचं मला कसं चालेल?"

मिथुन माझा हात दाबत होता. मी झटकला. आप्पा रागावले नाहीत, हसले. त्या हसण्यानेच माझं डोकं फिरलं. "अगं वेडे," म्हणाले, "लेकरू होऊ दे. मंग बघ, तुज्या घरी पाट मांडून बसतो, पोटभर जेवतो."

"होणार नाही," मी म्हटलं. "डॉक्टरने सांगितलंय, कधीच होणार नाही. दवाखाना बंद केलाय आम्ही सप्टेंबरात. आता बसा उपाशी जन्मभर!"

तेवढ्यात लेझीमवाले आमच्याच खाटेपाशी येऊन नाचायला लागले. पॅकेजबाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी खास! त्यातला एक मिथुनला उठवायला बघत होता. मायचा घास हातात तसाच. आप्पांच्या ओंजळीत हुरड्याचे दाणे होते, ते त्यांनी हळूच परत पानावर ओतले. मग उठले, बिल दिलं, आणि एकटेच गेटच्या दिशेने चालत गेले.

मिथुन म्हणाला, असं सांगायचं असतं का? म्हटलं, मग कसं सांगायचं असतं? तुझ्या वेळापत्रकात होतं का कुठे?

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. दार लाथेने उघडल्यासारखं बरं वाटलं.

२८ डिसेंबर, रविवार

परत आलो. जालना स्टँडवर उतरताना आप्पा मिथुनला जयभीम म्हणाले. मला नाही. दशम्यांचं उरलेलं पुडकं गेटवरच राहिलं.

३० डिसेंबर, मंगळवार

शाळेत सगळ्यांनी विचारलं, मॅडम, मजा आली का? आली म्हटलं. कुठलं हॉटेल चांगलं आहे आत? म्हटलं, गेटवरचं.

२ जानेवारी, शुक्रवार

मायचा फोन. आप्पा कुणाशी बोलत नाहीत म्हणे. शेजारच्या तातेरावांच्या नातवाचं नामकरण होतं, तिथेही गेले नाहीत. विहारात काल कार्यक्रम होता, तिथेही नाही. "ओसरीत नुसते बसून राह्यले गं," माय म्हणाली. "तू एक फोन कर."

मी का करू? मी काय गुन्हा केला? सुया मी टोचून घेतल्या, पोट माझं सुजलं, पाय माझे सुजले, आणि सुतक पाळायचं यांनी! मायला म्हटलं, बसू दे. आठ वर्षं मी बसलेच की, वाढलेल्या ताटासमोर.

माय रडली थोडी. मी फोन ठेवला.

४ जानेवारी, रविवार

आप्पा आले. एकटेच, न सांगता, बरोबर जेवायच्या वेळी. मिथुन ड्यूटीवर, सासूबाई बाजारात. पायातल्या चपला काढल्या, हात धुतले आणि भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "वाढ."

घरात भाकरी होती आणि वांग्याची भाजी. वाढली. जेवले. अर्धी भाकरी मागून घेतली. आमच्या माठातलं पाणी पिले. "मीठ बराबर हाय," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

ह्याच्यासाठीच तर मी भांडत होते. दार लावून आत आले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडले. मी आणि मिथुनने लेकराची आशा सप्टेंबरातच सोडली होती. एकच माणूस अजून वाट बघत होता. आज तो जेवून गेला.