भंडारा खोटा नव्हता

आबा, तुमच्यावरचा राग उतरला की लिहीन असं ठरवलं होतं. तो काही उतरत नाही, म्हणून तसाच लिहायला बसलोय. आपल्या भाजे गावात आता तुमच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. तुम्ही जिवंत असताना तरी कुणाची छाती होती म्हणा! सगळ्या गावाची दारू सोडवायला निघालेला माणूस, लेणी बघायला आलेल्या पोरांच्या हातातल्या बाटल्या काठीनं फोडणारा. पण मी बोलणार आहे. मला बोलायचा हक्क आहे, आणि तो मला गेल्या आठवड्यात तळेगावच्या दवाखान्यात मिळाला.

तुम्हाला कळेल असं सांगतो. जठराच्या मागं स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिला सूज आली की बेंबीच्या वर सुरी खुपसल्यासारखं दुखतं आणि कळ थेट पाठीत निघते. माझं तेच दुखणं होतं, पहिल्यापासून. पोटावरून सोनोग्राफी केली की मध्ये वायू येतो, ग्रंथी नीट दिसत नाही, आणि कागदावर 'विशेष काही नाही' असं लिहून येतं. आता दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी बसवलेली असते. भूल देऊन ती तोंडातून पोटात उतरवतात आणि आतून, जठराच्या भिंतीला टेकवून बघतात. या खेपेच्या सुजेनंतर जठरामागं पाण्याची पिशवी धरली होती, दोन घास खाल्ले की उलटी. डॉक्टरीणबाईंनी त्या दुर्बिणीतूनच वाट पाडून बारकी नळी बसवली आणि ते पाणी जठरात काढून दिलं. त्याच बैठकीत त्यांनी पित्ताची नळीही बघितली. शुद्धीवर आल्यावर मला चित्र दाखवलं. सगळं करडं करडं, आणि त्यात दोन पांढरे ठिपके, तांदळाच्या कणीएवढे.

"हे खडे," त्या म्हणाल्या. "पित्ताशयात वाळूही आहे. खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंड सुजतं. हे काढू, मग पित्ताशयही काढून टाकू."

"म्हणजे दारूनं न्हाई?"

"तुम्ही पीत नाही म्हणालात ना? मग कशाला दारूचं नाव?"

आता बोला, आबा! परक्या बाईनं माझा शब्द उभ्याउभ्या खरा मानला. बाप असून तुम्हाला ते जन्मभर जमलं नाही.

मी लोणावळ्याला, तुंगार्लीत, सुट्टीला भाड्यानं देतात तसल्या बंगल्यावर कामाला होतो. पाहुण्यांचा स्वैपाक करायचा, खोल्या आवरायच्या, सोमवारी रिकाम्या बाटल्या पोत्यात भरायच्या. तिथं पहिल्यांदा दुखलं तेव्हा तुम्हीच मला लोणावळ्याच्या डॉक्टरकडं नेलंत. त्यानं तुमच्यादेखत विचारलं, "पितो का?" मी नाही म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, तुमच्याकडं बघितलं. आणि तुम्ही मान खाली घातलीत. एवढंच केलंत, पण तिथंच माझा निकाल लागला. बंगल्यावर राहतो म्हणजे पितोच. उचलली जीभ लावली टाळ्याला!

मग जत्रा आली. तुम्ही मला देवळात सगळ्या भावकीपुढं उभं केलंत. "न्हाई पीत ना? मग उचल बेलभंडारा, घे देवाची आन." मी उचलला. थेंबही घेतलेला नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्या दुपारी गावजेवणात तुम्ही स्वतः माझ्या पानात मटण वाढायला लावलंत, वर तेलाची तर्री. मला वाटलं, चला, मिटलं. मी मागून घेऊन जेवलो. हात धुतले नाहीत तोच कळ आली आणि मी मांडवाच्या खांबाला धरून गुडघ्यांवर बसलो. तुमचा आवाज अजून कानात आहे. "बघा. खोटा भंडारा उचलला. देवानं हितल्या हितं दावलं." आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली, तर तिला म्हणालात, "पाजू नगं. त्याला दुसरंच लागतं."

देवानं काही दावलं नव्हतं, आबा. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. तेलकट पोटात गेलं की पित्ताशय आकसतं आणि वाळू खाली ढकलतं. दावलं ते तुमच्या तर्रीनं. चोर सोडून संन्याशाला सुळी! पण कानफाट्या नाव पडलं ते पडलं. पालखीला खांदा बंद, ठरत आलेली सोयरीक मोडली, मी तळेगावला खोली घेतली. आणि मरताना तुम्ही सांगून गेलात, "त्या बेवड्याचा हात माज्या तिरडीला लागू देऊ नगा." थोरला मी, आणि मडकं धाकट्यानं धरलं. मी माळवलीच्या रेल्वे फाटकापाशी उभा राहून धूर बघितला. हे मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

राग आणखी एका गोष्टीचा आहे. बाईंनी विचारलं, "घरात कुणाला असं दुखायचं का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला गोठ्यामागचा दगड आठवला. त्याच्यावर तुम्ही पोटाशी गुडघे घेऊन बसायचात, कपाळावर घाम. मी जवळ आलो की म्हणायचात, "वात हाय, जा तू." शेवटी शेवटी डोळे हळदीसारखे झाले होते म्हणे, तरी डॉक्टरकडं गेला नाहीत, झाडपाल्यावर दिवस काढलेत. का ते मला आत्ता कळलं. तिथं गेलात तर तो तुम्हालाही तेच, 'पिता का?' विचारील, सगळ्यांदेखत, हे भ्या होतं तुम्हाला. माझ्यावर टाकलेला प्रश्न तुम्हाला स्वतःला झेपणार नव्हता. त्या भ्यानं गेलात! लय हुशार समजत होतात स्वतःला.

हे कुठं पाठवणार? तुमच्या फोटोपुढंही ठेवणार नाही, तुम्ही वाचूनही मान्य केलं नसतं. पण एक गोष्ट घडली, तिचीच मला चीड येते. बाईंनी पुढं विचारलं, "वडील कशानं गेले?"

"पोटानं," मी म्हणालो. त्या खाली बघून लिहीत होत्या. पुढचं काही त्यांनी विचारलंही नव्हतं, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील पीत नव्हते हो, मॅडम. कधीच न्हाई. भंडारा उचलून सांगतो."