कॅसेटवरचा गंज

४ जानेवारी १९८७, रविवार. वाशी.
नवीन वर्षाचा संकल्प : घरच्या कॉम्प्युटरचं मेंटेनन्स आजपासून माझ्याकडे. कंपनीत इतकी वर्षं मेंटेनन्स सुपरवायझर, आणि घरातलं यंत्र बेवारशी? छे!
मेव्हणा नामा बोटीवर असतो, त्यानं गणपतीत आमच्या दमूसाठी आणला. टीव्हीला जोडायचा, शेजारी टेपरेकॉर्डर लावायचा. प्रोग्रॅम कॅसेटमध्ये राहतो, गाण्यासारखा. ऐकायला मात्र नुसती किंचाळी. पोरगी नववीत, पण डोकं आमच्या घराण्याचं. दिवाळीपासून खपून भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम केलाय. तिथी दाबली की खाडीला भरती किती वाजता, ते टीव्हीवर येतं. हिशोब तिच्या आजोबांचा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
७ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान प्रदर्शन. वडील गावातनं खास बघायला येणार. म्हणजे यंत्र बंद पडून चालणार नाही. बायकोला, गंगूला, हे सांगितलं. ती म्हणाली, तो काय कंपनीतला पंप हाय का, रोज उघडाया. बायकांना प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स कळत नाही.

६ जानेवारी.
ड्यूटीवरून उशीर झाला. मेंटेनन्स उद्यापासून.

९ जानेवारी.
उद्यापासून नक्की. आधी नीट प्लॅनिंग हवं.

११ जानेवारी, रविवार.
सुरुवात झाली. कीबोर्ड थिनरनं पुसला. एकदम चकाचक. अक्षरंही गेली. फॉरेनची शाई हलकी निघाली, त्याला मी काय करणार. दमू म्हणाली, चालेल बाबा, मला पाठ आहेत.
बघा, पोरीचा फायदाच झाला.

१४ जानेवारी, संक्रांत.
गंगूकडून रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. आता धूळ आत शिरून दाखवू दे. दमूचं म्हणणं, चालू असताना कव्हर काढायला लागेल, तापतो. मी म्हटलं, बघू.
तापला. वास आला. फार नाही. गंगूनं तिळगूळ हातात न देता टेबलावर ठेवला.

१८ जानेवारी, रविवार. दुपार.
मोठा शोध! टेपरेकॉर्डर उघडला तर हेडवर तांबूस पावडर. बोटाला लागली. हा रंग मी झोपेतही ओळखीन. गंज! खाडीची खारी हवा, दुसरं काय. आमच्या गावात खिडकीचे गज दोन पावसाळे टिकत नाहीत, तिथं ही इवलीशी कॅसेट काय टिकणार?
उपाय माझ्याकडेच. कंपनीत मालात लोखंडाचा कीस गेला तर हॉपरवर, माल ओततात तिथं, मॅग्नेट लावतो, सगळा ओढून घेतो. एक जुना मोठा मॅग्नेट घरी पडलेला. दमू क्लासला गेली होती. तिची कॅसेट काढून दोन्ही बाजूंनी मॅग्नेट फिरवला, सावकाश, दाबून. घाईचं काम आपल्याला जमत नाही. तिनं तोच प्रोग्रॅम आणखी एका कॅसेटवर ठेवलाय, म्हणे सेफ्टीसाठी. गुणी पोर. त्या कॅसेटलाही तीच ट्रीटमेंट दिली.
मॅग्नेटला काही चिकटलं नाही. म्हणजे गंज अजून वरवरचाच होता. वेळेवर लक्ष गेलं.

२२ जानेवारी.
प्रोग्रॅम लोड होत नाही. दमू सारखी कॅसेट मागे-पुढे करतेय. मी म्हटलं, व्होल्टेज.

२३ जानेवारी.
दुसरी कॅसेटही नाही. आधी किंचाळायची, आता नुसता फसफसाट. दमू रडली. मी गंगूला म्हटलं, किती वेळा सांगितलं यंत्राशेजारी बोंबील तळू नकोस, तेलाची वाफ बसते. ती म्हणाली, किचन तिकडं हाय, यंत्र इकडं. मग दमूलाही म्हटलं, कॅसेट कुठेही टाकतेस, यंत्राला शिस्त लागते. आवाज जरा चढला.

२५ जानेवारी, रविवार.
दमू स्वतःहून जवळ आली. सॉरी म्हणाली. माझंच काहीतरी चुकलं असेल, तुम्ही एवढं सांभाळता.
मी म्हटलं, असू दे. होतं असं.
मॅग्नेट माळ्यावर टाकला. सहज. पसारा नको म्हणून.

२९ जानेवारी.
दमूबरोबर शाळेत गेलो. सायन्सच्या सुमित्राबाईंनी दोन्ही कॅसेट लावून बघितल्या. म्हणाल्या, पूर्ण पुसल्या गेल्यात, आणि दोन्ही एकदम म्हणजे मॅग्नेटजवळ ठेवल्या असणार. मी विचारलं, आणि तो गंज? त्या हसल्या. म्हणाल्या, ती तांबूस पावडर टेपचीच असते, तिच्यावरच तर सगळं लिहिलेलं असतं. घरी मॅग्नेट आहे का, विचारलं.
मी म्हटलं, नाही.
दमू फळ्याकडे बघत होती. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

३० जानेवारी.
तिला आज सांगणार होतो. पण ती प्रोग्रॅम परत टाईप करतेय, डिस्टर्ब कशाला करा.

१ फेब्रुवारी, रविवार.
आजही नाही जमलं. अक्षरं नसल्यामुळे टायपिंगला फार वेळ लागतो. सगळी पाठ नव्हतीच. मला बरं वाटावं म्हणून तेव्हा तसं म्हणाली होती. जेवण गेलं नाही.

४ फेब्रुवारी.
प्रदर्शन झाल्यावर सांगावं. आत्ता सांगून तिचा मूड जाईल. हा तिच्याच भल्याचा विचार आहे.
नाही. सांगायला मला तोंड नाही, हे खरं.

७ फेब्रुवारी, शनिवार.
प्रोग्रॅम पुरा झाला नाही. दमूनं कॉम्प्युटर नुसता टेबलावर मांडला आणि मागे कार्डशीटवर तिथीचा हिशोब लिहिला. वडील इस्त्रीचा सदरा घालून आले. मला विचारत होते, जयदेव, ते टीवीवर दिसनार होता ना? मी म्हटलं, टेक्निकल प्रॉब्लेम. ते मान हलवत राहिले. मग स्वतःच टेबलाशी उभे राहून परीक्षकांना भरतीचा हिशोब सांगायला लागले. बोटांवर.
कार्डशीटच्या खाली दमूनं लिहिलं होतं : यंत्राची देखभाल – माझे बाबा.
परीक्षकांनी मला विचारलं, खाऱ्या हवेत यंत्र कसं जपता? मी म्हटलं, कव्हर घालतो. आणि तडक बाहेर आलो. गेटजवळ बराच वेळ उभा होतो. जमीन फाटून आत जावं असं वाटत होतं.

८ फेब्रुवारी, रविवार.
सांगितलं. चहा घेताना, गंगूसमोर. मॅग्नेट मीच फिरवला, दोन्ही कॅसेटवर, आणि ओरडलोही मीच.
दमू म्हणाली, माहितीये. त्या दिवशी क्लासवरून लवकर आली होती, दारातून बघितलं होतं. तेव्हा तिला वाटलं, बाबा करतायत म्हणजे बरोबरच असेल. सुमित्राबाई बोलल्या तेव्हा समजलं. तुम्हाला सगळ्यांसमोर कसंतरी होईल म्हणून मुद्दाम तुमच्याकडे बघितलं नाही, म्हणाली.
मी कप घेऊन मोरीत गेलो. नळ सोडून तिथंच थांबलो.

१५ फेब्रुवारी, रविवार.
प्रोग्रॅम पुरा झाला. वडिलांना बोलावून टीव्हीवर भरती दाखवली. त्यांनी दहा-बारा तिथ्या विचारून बघितल्या. म्हणाले, बरोबर सांगतंय.
आठवडाभर करते तशी दमूनं कॅसेट भरली आणि आईच्या हातात दिली. मी विचारलं, कुठे ठेवता? दोघी एकदम म्हणाल्या, आहे जागा.
संध्याकाळी घरात कोणी नव्हतं. टेपरेकॉर्डर पुसायला घेतला. झाकण उघडलं तर आत सुकटीचा वास. म्हणजे कॅसेट राहते गंगूच्या सुक्या मासळीच्या डब्यात.
फडकं परत खुंटीला लावलं.