सर्जरी की कवळ्या

३ जून १९८४, रवि. जाम, घरी
एम.डी.एस.चा, दातांच्या डॉक्टरकीतल्या पुढच्या पदवीचा, फॉर्म आणलाय. सगळा भरला, ‘विषय : पहिली पसंती’ तेवढं कोरं. शेवटची ता. २०.
सर्जरीच्या सरांनी माझं नाव धरूनच ठेवलंय. “हात आहे तुझा. आपल्याकडे सर्जरीला मुलगी अजून कुणी नाही, तू पहिली.” बाबूजींनी तर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून टाकलंय, पोरगी ऑपरेशनवाली डाक्टर होऊन राह्यली.
हात आहे, खरं. पण मार्चमध्ये टेबलावर एका बाईंचं रक्त थांबेना, तेव्हापासून ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उलटी होते. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. मी अजून तिथेच उभी. कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी, संध्या.
गिरडचे महादेवजी दुकानात आले, सोबत बायको, गिरजाबाई. दोघं तिथल्या दर्ग्याच्या टेकडीखाली नारळ विकतात. गेल्या वर्षी कॅन्सरपायी महादेवजींचा वरचा अर्धा जबडा काढला, तेव्हा सरांच्या हाताखाली मीच होते. ‘केस उत्तम’ असं वहीत लिहिलं आम्ही. टाळूला भोक राहिलं. पाणी प्यायलं की नाकातून येतं, बोललेलं कुणाला कळत नाही.
गिरजाबाई म्हणाल्या, “बाई, हे दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसून राह्यते. ह्यायचं कायी होते का?”
कवळ्यांच्या खात्यात होऊ शकतं. कृत्रिम दातांच्या विभागाला आम्ही सर्जरीवाले असंच म्हणतो, हसून. नागपूरला या म्हटलं.

६ जून, बुध. नागपूर
महादेवजींच्या टाळूच्या भोकात गॉझ भरून माप घेतलं. कवळ्यांच्या खात्यातल्या मॅडमनी सगळं मलाच करू दिलं. मेण तापवायचं, लावायचं, तोंडात घालून बघायचं, खरवडायचं. चुकलं तर वितळवून पुन्हा. पुन्हा करता येतं, हे ऑपरेशनच्या टेबलावर नसतं.

१३ जून, बुध.
टाळू झाकणारी प्लेट बसली. महादेवजी ग्लासभर पाणी प्यायले. गिरजाबाई त्यांच्या नाकाकडे बघत होत्या, मीही. थेंब नाही. त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग अगदी स्वच्छ म्हणाले, “इथलं पानी खारं हाय.”
गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. “झालं सुरू. आता हे गप नाई बसत.”
प्लास्टरच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. पंधरा मि.

१५ जून, शुक्र.
सरांना सांगितलं, सर्जरी नको, कवळ्या. उलट्यांसकट.
“आधी का नाही बोललीस?”
मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.
“दात बसवायला तू कशाला हवीस?”
रागावले की दुखावले, कळलं नाही. “जा” म्हणाले. जिना उतरताना पाय इतके हलके की मधेच थांबून कठडा धरला.

१७ जून, रवि. जाम
बाबूजींना सांगायचं सगळ्यात अवघड. दुपारी जेवताना सांगितलं.
“म्या त लोकायले सांगून बसलो,” म्हणाले. पोळी संपवली. मग, “सोमवारी जाताना तू ताटावरून उठते. मले वाटे, घर सोडवत नाई. असं होतं त सांगाचं न बेटा.”
“आता लोकांना काय सांगाल?”
“सांगतो, दात बसवते.”
आई आतून म्हणाली, “माहे पहिले बसव.”
किती महिन्यांनी हसलो तिघं.

१९ जून, मंगळ. नागपूर
फॉर्म दिला, पहिली पसंती कृत्रिम दात. त्या विषयाची सीट एकच. माझ्याहून जास्त मार्कांचा एक मुलगा रांगेत आहे. सर्जरीचं दार मीच लावून घेतलं. तरी काल डोळा लागला तो एकदम सकाळीच उघडला.

१५ जुलै, रवि. जाम
प्रवेशाची यादी लागलेली नाही. कॉलेजातली सध्याची नोकरी, हाऊस जॉब, ३१ला संपते. सीट नाही मिळाली तर काय, ठरवलेलं नाही.
गिरजाबाई आल्या. बरोबर गिरडचीच एक बाई, तोंडावर पदर गच्च.
“हिचंबी तसंच हाय. करून द्या.”
मी म्हटलं, सीट मिळाली तर करीन.
“तवरक तिनं पानी नाई प्याचं का?”
उद्या सातच्या बसने तिला घेऊन नागपूरला निघते.